पेशीमावशीची सदतिसावी नळी

मित्रांनो, मी एक जुने प्रथिन आहे. किती जुने, असे विचाराल तर सात वर्षांचे. तुमच्यापैकी कित्येक जण माझ्याहून मोठे असतील. पण आमच्या जातीत सात वर्षे म्हणजे पिकले पान. नखाएवढ्या एका प्लॅस्टिकच्या नळीत मी राहते आणि नळीवर काळ्या शाईने ३७ असा आकडा घातलेला आहे. माझ्यासारख्याने स्वतःबद्दल फार बोलू नये. पण ज्यांच्या हातून माझ्या जन्माचे सोने झाले, त्यांच्याबद्दल न बोलता राहिले तर तो कृतघ्नपणा होईल. म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी माझी ओळख करून देते. तुमच्या अंगात नसांचे अगदी बारीक धागे पसरलेले आहेत. त्यांना चेतातंतू म्हणतात. गरम भांड्याला हात लागला की तुम्ही झटकन मागे घेता, आईच्या पदराचा मऊपणा न पाहता ओळखता, ते या धाग्यांमुळे. या धाग्यांना 'वाढा, पुढे जा, जगून राहा' असे सांगणारी काही प्रथिने असतात. त्यांतले मी एक. माझी सख्खी भावंडे तुमच्या शरीरात तुम्ही जन्मायच्या आधीपासून राबत आहेत.

मी मात्र माणसाच्या शरीरात जन्मले नाही. एका पोलादी टाकीत जन्मले. माणसाच्या पेशीत माझी कृती लिहिलेली असते. तिची नक्कल करून ती जिवाणूंना देण्यात आली. जिवाणूंना माणसाच्या नसांशी काय देणेघेणे? पण बिचाऱ्यांनी सांगितलेले काम इमानेइतबारे केले. फक्त माझे रूप घडवणे त्यांना जमले नाही. कंगव्यात अडकलेल्या केसांच्या गुंतवळासारखे मी जन्मले. मग हुशार माणसांनी तो गुंता हळूहळू सोडवला. मला नीट घडी घातली. माझ्या दोन-दोन धाग्यांना एकमेकांच्या गळ्यात गळा घालायला लावले, कारण एकटा धागा फारसा कामाचा नसतो. जोडी जमली तरच मी होते. त्यानंतर मला धुतले, गाळले, वाळवले आणि काचेच्या छोट्या कुपीत बंद केले.

कुपीवर चिठ्ठी लागली: 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.'

त्या ओळीचा मला तेव्हा राग आला होता. माणसाचीच कृती, माणसानेच केले, आणि माणसालाच नको!

कुपी बर्फाच्या खोक्यात बसून एका संशोधन संस्थेत आली. खोके उघडणाऱ्या बाईंना तिथे सगळे पेशीमावशी म्हणत. त्या प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ होत्या. पंधरा वर्षे त्या काचेच्या ताटल्यांत जिवंत पेशी वाढवत होत्या. उंचीने ठेंगण्या, चालीने घाईच्या, पण हाताने अशा सावकाश की बघणाऱ्याने घड्याळ विसरावे. त्याच आठवड्यात एक नवा संशोधक कामावर आला होता. तिशीचा, लांबोडक्या चेहऱ्याचा. जे दिसेल ते वहीत लिहायचा, म्हणून दुसऱ्याच दिवशी मावशींनी त्याचे बारसे केले, टिपणराव. ते नाव त्याला असे चिकटले की प्रमुख मॅडमसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागल्या.

टिपणरावाने माझी कुपी उजेडात धरली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, घोटाळा झाला! कुपी रिकामी आली."

"उघडलीस का?" मावशींनी विचारले.

"उघडतोय ना."

"खबरदार! ठेव खाली आधी." मावशींनी कुपी काढून घेतली. "अरे, एवढंसं असतं ते. झाकणाला चिकटलं असेल, काचेला चिकटलं असेल. तू फुंकलंस तरी उडून जाईल. डोळ्यांना दिसेल तेवढंच असतं का जगात?"

टिपणरावाने वही काढून तेही लिहून घेतले. मावशी खो खो हसल्या.

त्यांनी कुपी यंत्रात गरगर फिरवली. मी तळाशी जमले. मग त्यांनी थेंब-थेंब द्रव सोडला. कुपी हलवली नाही, नुसती बोटांत धरून हळूहळू कलती केली. मी विरघळले. त्या द्रवाचे त्यांनी चाळीस वाटे केले, चाळीस छोट्या नळ्यांत. "हे एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही," त्या टिपणरावाला सांगत होत्या. "दरवेळी गोठवलं-वितळवलं की ते मोडतं. म्हणून एका वेळेपुरता एक वाटा."

नळी बंद करायची त्यांची एक रीत होती. अंगठ्याने झाकण दाबायचे, आतून बारीक 'टक्' झालेले बोटाला कळले पाहिजे. मग तर्जनी झाकणाच्या कडेवरून एकदा फिरवायची, कुठे फट नाही ना हे बघायला. चाळीस वेळा अंगठा, चाळीस वेळा तर्जनी. मी सदतिसाव्या नळीत होते. ते बोट माझ्या डोक्यावरून फिरले तेव्हा मला वाटले, आपली पाठवणी चांगल्या घरी झाली.

आमचा डबा मोठ्या फ्रीझरमध्ये गेला. उणे ऐंशी अंश. हा फ्रीझर बोळात, पेशींच्या खोलीला लागून उभा होता. बोळात दोन माणसे भेटली की तिथेच थांबून बोलायची, त्यामुळे गारठ्यात राहूनही आम्हाला सगळ्या बातम्या कळत.

मॅडमचे संशोधन असे होते. गाठीच्या आजारावर जी कडक औषधे देतात, त्यांतली काही औषधे गाठ मारता मारता नसांचे धागेही सुकवतात. मॅडम ताटलीतल्या चेतापेशींना ते औषध देत. धागे सुकून आखडले की त्यावर आमच्यातल्या एखाद्या नळीतले प्रथिन टाकत, आणि धागे परत फुटतात का ते सूक्ष्मदर्शकातून बघत. आमची पहिली नळी गेली, दुसरी गेली, दहावी गेली. निरोगी पेशींवर आम्ही पडलो की दोन दिवसांत धाग्यांची जाळी व्हायची. मावशी खोलीतून ओरडायच्या, "अहो मॅडम, बघायला या! काय सुरेख फुटलेत!" पण औषधाने आखडलेल्या पेशी काही केल्या हलत नसत.

मावशी पेशींशी बोलायच्या, तेही ऐकू यायचे. "घ्या गं बायांनो, खाऊन घ्या. आज नवीन पाणी आहे." कुणी हसले तर म्हणायच्या, "बोलल्याने पेशी वाढतात असं मी कुठे म्हणतेय? माझा हात हळू चालतो बोलताना, एवढंच."

तीन वर्षांत छत्तीस नळ्या संपल्या. मग नवी कुपी आली, नवा डबा आला, आणि आम्ही उरलेल्या चौघी जणी डब्यासकट मागच्या कोपऱ्यात सरकलो. आमच्यावर बर्फाची भुकटी साचली. पुढचा डबा भरायचा, संपायचा, आमच्याकडे कुणाचा हात येईना. मित्रांनो, कामासाठी जन्मलेल्याला नुसते साठवून ठेवणे फार जड जाते. तरीही मी गारठ्याची ऋणी आहे. त्याने मला धक्का न लावता जपले.

मग एकदा असे झाले की फ्रीझरचे दार उघडायचे, पण हात मावशींचा नसायचा. एक महिना, दोन महिने, आठ महिने. बोळातल्या बोलण्यातून कळले, मावशींच्या छातीत गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या फेऱ्या झाल्या. टिपणराव फ्रीझरपाशी उभा राहून फोनवर त्यांना विचारायचा, "मावशी, पेशींचं पाणी किती वेळाने बदलू?" आणि फोन ठेवल्यावर उगाचच थोडा वेळ तिथेच उभा राहायचा.

नवव्या महिन्यात मावशी परतल्या. डोक्याला रुमाल, अंगात पूर्वीच्या निम्मेच मांस, पण आवाज तोच. "मी ठणठणीत आहे. कुणी दया दाखवायला आलं तर त्याला भांडी धुवायला लावीन." सगळे हसले. त्यांनी आल्या आल्या नवी कुपी मागवली आणि स्वतःच्या हाताने तिचे चोवीस वाटे केले.

आणि तिथून घोळ सुरू झाला.

नव्या डब्यातले प्रथिन टाकलेल्या ताटल्या तिसऱ्या दिवशी गढूळ होऊ लागल्या. पेशींत कसलासा संसर्ग शिरत होता. एकदा झाले, सगळे फेकून पुन्हा सुरुवात केली. परत तेच. तिसऱ्यांदा तर पाच आठवड्यांचे काम वाया गेले. ताटल्या हाताळायचे काम टिपणरावाचे होते. शेवटी मॅडमचा संयम सुटला. बोळात, फ्रीझरच्या अगदी समोर, चार जणांच्या देखत त्यांनी त्याला फैलावर घेतले.

"तीन वेळा! तुम्ही हात धुता की नाही? का नुसतंच वहीत लिहिता, हात धुतले म्हणून?"

"मॅडम, मी प्रत्येक पायरी तपासली."

"तपासली असती तर हे झालं असतं का? या महिन्याअखेर तुमची मुदत संपतेय. ती वाढवावी असं मला काय बघून वाटावं, तुम्हीच सांगा."

टिपणरावाची वही बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. मावशी तिथेच होत्या. मित्रांनो, मावशी गप्प बसल्या, असे त्या बोळात पहिल्यांदाच घडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीझर उघडला. मावशींनी सगळे डबे बाहेर काढले, आमचा मागचा डबासुद्धा, आणि धूर निघणाऱ्या कोरड्या बर्फाच्या पेटीत ओळीने मांडले. मग एकेक नळी चिमट्याने उचलून डोळ्यांजवळ नेऊ लागल्या. डोळे बारीक करत होत्या, पण नीट दिसत नव्हते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. मावशींचे यजमान आले. ते सुतार होते. कानावर पेन्सिल, खिशात घडीची फूटपट्टी, आणि हातात चष्म्याचे घर.

"चष्मा विसरलीस. फोनवर आवाज का असा होता तुझा? काय झालंय?"

"काही नाही. द्या इकडे."

"सकाळी ब्लाउजचे हूक मी लावून दिले. काल डाळीत खडा राहिला. परवा इस्त्रीचा चटका बसला तो तुला वास आल्यावर कळला. आणि म्हणे काही नाही." सुतारकाका स्टुलावर बसले. "इथे कुणाला सांगितलंस का?"

मावशींनी चष्मा लावला, नव्या डब्यातली एकेक नळी तपासली आणि शेवटी एक काकांपुढे धरली. "अहो, हे बघा. झाकण. दिसतेय फट?"

काकांनी सांधा बघावा तशी मान वाकडी करून बघितले. "केसाएवढी आहे. पण आहे."

"ही माझ्या हातची. वितळवायला साध्या बर्फात ठेवली की तो बर्फ वितळून पाणी आत जातं. पाण्यातून घाण. घाणीतून..." मावशींनी अंगठा झाकणावर दाबून पाहिला. "टक् झालं की नाही, मला कळतच नाही हो. मी दाबते आणि धरून चालते की झालं असेल. उरलेल्यांतल्या नऊ नळ्या अशा निघाल्या. आणि बोलणी त्या पोराने खाल्ली."

माझ्या डोक्यावरून फिरलेले ते बोट आता लाकडाचे झाले होते. त्यांची गाठ मारणाऱ्या औषधाने जाता जाता दहाही बोटांची टोके बधिर करून ठेवली होती. ज्या खोलीत त्याच बधिरपणावर सात वर्षे संशोधन चालले होते, तिथे त्या रोज येत होत्या आणि ठणठणीत असल्याचे सांगत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सुतारकाकांनी स्टूल जवळ ओढले. मग हळूच म्हणाले, "एक विचारू? रागावू नकोस. तू सांगतेस ना, या पाण्याने नसा फुटतात. मग दोन थेंब तुझ्याच बोटांना..."

"काय?"

"माणसाचंच आहे म्हणतेस ना ते."

मला तर वाटले, आता माझा जन्म सार्थकी लागणार! चिठ्ठीवरची ती ओळ खोटी ठरणार! पण मावशींनी नळी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघितले.

"अहो, हे नसा जाग्या करतं. जागी झालेली नस नुसता स्पर्शच सांगते का? दुखणंही सांगते. किती द्यायचं, कुठे द्यायचं, आत गेल्यावर आणखी काय काय जागं करेल, हे कुणाला ठाऊक? हे शोधायलाच तर बावीस वर्षं ताटल्या धुतल्या मी. आणि आता मीच चोरून लावू?"

"चुकलो बाई."

"चुकला नाहीत. मलाही तो विचार आला होता, दोनदा."

त्या दिवशी मला त्या चिठ्ठीचा अर्थ कळला आणि माझा राग गेला. ती ओळ मला कमी लेखायला लिहिलेली नव्हती. ती लोकांना माझ्यापासून आणि मला माझ्या उतावळेपणापासून जपत होती.

"निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय," काका म्हणाले. "सांगितलंस तर उद्याच घरी बसवतील."

"आणि नाही सांगितलं तर त्याला बसवतील."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "सांधा हलतोय हे माहीत असताना खुर्ची गिऱ्हाइकाला दिली, असं माझ्या हातून कधी झालं नाही. आणि तुझ्याच्याने तर व्हायचं नाही. जा, सांगून टाक. मी थांबतो इथे."

मावशींनी उरलेले डबे तपासले. मागच्या कोपऱ्यातल्या आम्हा चौघींपर्यंत पोचल्या तेव्हा त्यांनी बर्फाची भुकटी पुसली, तारीख वाचली आणि चष्म्यातून चारी झाकणे निरखली. एकातही फट नव्हती. फटींच्या नऊ नळ्यांचा डबा आणि आम्हा चौघींचा डबा बर्फासकट उचलून त्या थेट मॅडमच्या खोलीत गेल्या. टिपणरावालाही हाक मारली. मग एका दमात सगळे सांगितले.

मॅडमने फट असलेली नळी हातात घेतली. उजेडात धरून फट बघितली.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"औषधाच्या तिसऱ्या फेरीपासून. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, दोन-अडीच महिने. मग एकेक टोक बधिर होत गेलं."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, गाठ मोठी की मुंग्या मोठ्या? कशाला त्यांना त्रास?"

मॅडमने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, सात वर्षं मी ताटलीत बघतेय की या औषधाने नसांचं काय होतं. आणि माझ्या शेजारच्या खोलीत कुणाचे हात काय सांगताहेत, हे मी विचारलंसुद्धा नाही." मग त्या टिपणरावाकडे वळल्या. "काल मी तुम्हाला चार माणसांत बोलले. उद्या त्याच चार माणसांत माफी मागते. आज इथे मागते आहेच."

टिपणरावाने मान हलवली, पण त्याचे लक्ष भलतीकडेच होते. त्याने वही उघडली होती.

"मावशी, मुंग्या दोन-अडीच महिने होत्या? तेव्हा बोटांना कळत होतं?"

"कळत होतं की. वस्तू हातात धरली की कळायची. मुंग्या म्हणजे नस ओरडतेच आहे ना! मेलेली कशाला ओरडेल?"

"आणि आपण प्रथिन कधी टाकतो, मॅडम? धागे पूर्ण आखडले की. पाचव्या दिवशी."

"म्हणजे ओरडून ओरडून गप्प झाल्यावर," मावशी म्हणाल्या. "जळून कोळसा झालेल्या झाडाला पाणी घालताय होय? मुंग्या येतात तेव्हा द्या की!"

मॅडमने चष्मा परत लावला. "ताटलीत मुंग्यांचा दिवस कोणता, ते आपल्याला ठरवावं लागेल," त्या म्हणाल्या. टिपणरावाची पेन्सिल धावत होती.

आता प्रश्न होता नळ्यांचा. नवा डबा भरवशाचा राहिला नव्हता, नवी कुपी यायला दोन महिने लागणार होते. उरलो आम्ही चौघी. "सात वर्षांच्या आहेत. दम असेल का यांच्यात?" मॅडमने विचारले. आधी अडतिसावी वितळवली आणि निरोगी पेशींवर टाकून पाहिली. दोन दिवसांनी खोलीतून मावशींची हाक आली, "अहो मॅडम, बघायला या!" बोळातल्या सगळ्यांनी ऐकली.

एकोणचाळिसावी आणि चाळिसावी मुंग्यांचा दिवस शोधण्यात गेल्या. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी धाग्यांची टोके थरथरल्यासारखी मणी-मणी होऊ लागतात, पण धागा अजून तुटलेला नसतो. तो दिवस धरायचा, असे ठरले. मग माझी पाळी आली.

माझी नळी साध्या बर्फात हळूहळू वितळली. टिपणरावाने झाकण उघडले. त्याला जरा जोर लावावा लागला, इतके ते घट्ट बसले होते. नवी कुपी येईपर्यंत उरणारा भाग परत न गोठवता साध्या फ्रिजमध्ये ठेवायचा, असे ठरले होते. पिपेटच्या टोकातून माझा एक भाग ताटलीत उतरला. कोमट, गुलाबी पाणी. खाली पेशी भेदरून बसलेल्या, धागे अर्धवट आत ओढलेले. मी एकीच्या दाराशी गेले. आमचे बोलणे म्हणजे कुलपात किल्ली बसावी तसे असते. मी बसले. तिला एवढेच कळवले, 'सोडू नकोस. धर.'

सहा दिवस मावशी रोज सकाळी सूक्ष्मदर्शकावर बसत होत्या. बोटे गेली तरी त्यांचे डोळे बावीस वर्षांच्या सवयीचे होते. कोणता धागा तरतरीत आणि कोणता नुसता टेकलेला, हे त्यांच्याइतके कुणाला ओळखता येत नसे. त्या बोलायच्या आणि टिपणराव लिहायचा. सहाव्या दिवशी त्या उठल्या, मॅडमना खुर्ची दिली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

सगळे धागे वाचले नव्हते. तीनांतल्या दोन ताटल्यांत निम्म्याहून अधिक धागे उभे होते. काही पुढेही सरकले होते. पाचव्या दिवशी प्रथिन दिलेल्या ताटल्यांत नेहमीसारखे काहीच नव्हते.

"ही ताटली आहे," मॅडम म्हणाल्या. "ताटलीपासून बोटापर्यंतची वाट फार लांब आहे. वाटेत काय काय निघेल, सांगता येत नाही."

"आहे ना लांब," मावशी म्हणाल्या. "पण वाट आहे, हे तर कळलं!"

मावशींना कुणी घरी बसवले नाही. मॅडम त्यांना स्वतः नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण प्रयत्न करू. व्यायाम दिला, काळजी कशी घ्यायची ते सांगितले. अलीकडे मावशी म्हणतात की उजव्या अंगठ्याला थंड-गरम थोडेसे कळते. काका म्हणतात, तो तिचा हट्ट आहे. खरे काय ते अंगठ्यालाच ठाऊक.

आणि सुतारकाकांनी एक गंमत केली. शिसवीचा एक ठोकळा आणला, चोवीस भोकांचा. वर एक आडवी दांडी, ती खाली दाबली की एका वेळी एक झाकण बंद होते आणि पितळेची पट्टी 'टक्!' करून वाजते. बोटाला कळत नसेल तर कानाला कळू दे, म्हणाले. पट्टी वाजली नाही तर झाकण बसले नाही. मॅडमने तो ठोकळा उलटासुलटा बघितला आणि म्हणाल्या, "काका, आणखी दोन करून द्याल? आमची धडधाकट बोटंही काही कमी चुकत नाहीत."

त्या दिवशी मावशींनी काकांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले. त्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग एकदाचे दिसले.

"अगं, ही तर मुळं फुटलीत!"

"नसा आहेत त्या."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच नाहीत. ताटलीतल्या."

काका बराच वेळ बघत राहिले. "उद्या कुणाच्या तरी असतील," म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसू लागले. चष्म्याला काही झाले नव्हते.

मित्रांनो, माझे आयुष्य एवढेच. मी कुणाचा जीव वाचवलेला नाही. कुणाच्या बोटाला स्पर्श परत दिलेला नाही. पण ज्या जिवाणूंनी मला घडवले, ज्या माणसांनी माझा गुंता सोडवला, ज्या गारठ्याने मला सांभाळले आणि ज्या बाईने स्वतःची चूक आपणहून सांगून मला कामाला लावले, त्या सगळ्यांचे उपकार माझ्यावर आहेत.

माझे एक मागणे मात्र ऐका. अंगात काही बिनसत असेल, मनात काही सलत असेल, तर मुंग्या येत असतानाच सांगा. बधिर होईपर्यंत थांबू नका. 'एवढ्यातेवढ्याला काय सांगायचे' असे वाटले तरी सांगा. आणि तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या जागी जी माणसे सगळ्यांचे निगुतीने करत असतात, 'मी ठणठणीत आहे' असे म्हणून हसवत असतात, त्यांना अधूनमधून विचारत जा, हात कसे आहेत तुमचे? आणि उत्तर ऐकायला थांबा.

आता मला आवरायला हवे. माझ्या नळीत तीन थेंब उरले आहेत. आज दुसरा दिवस आहे, ताटलीतल्या पेशींना मुंग्या येऊ लागल्या आहेत, आणि मावशी हाक मारताहेत, "आण रे टिपणराव, सदतीस नंबर. वेळेवर आण."

मी निघते.